डियर, चहा!

"डियऽऽर! चहाऽऽ!"

आठ मागांच्या खडखडाटावरून हाक आली आणि माझ्या हातातली भाकरी तव्याऐवजी थेट चुलीत गेली.

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. इचलकरंजीतलं आमचं घर म्हणजे पुढं मागांची शेड, मधे सोपा आणि मागं स्वयंपाकघर. शेडमध्ये आमचे हे आणि त्यांचा धाकटा भाऊ माग चालवायचे. सोप्यात सासूबाई रहाटावर कांड्या भरत बसायच्या, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या. आणि मी, जयसिंगपूरहून आलेली नवी सून, त्या आवाजानं डोकं भणभणून चुलीपुढं. त्या घरात कुणी बोलायचं म्हणून नाही, सगळे ओरडायचे. मीठ मागायचं तरी ओरडून. माहेरी पहिलं पत्र लिहिलं त्यात मी 'इथले सगळे माझ्यावर रागावलेत' असं लिहून टाकलं होतं. पुढं कळलं, ते मला पोटभर जेव म्हणत होते!

तर ती हाक. सासूबाईंनी रहाट थांबवला. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

"काय म्हनला गं गजा?"

गजा म्हणजे आमचे हे. सांगणार काय, कपाळ?

हा सगळा इंग्रजीचा उपद्व्याप होता. लग्नाआधी सहा महिने हे संध्याकाळी वसगडे सरांकडं इंग्रजी बोलायला शिकायला जायचे. मॅट्रिकला इंग्रजीतच घसरले होते, तो सल मनात. लग्नानंतर आम्ही जोतिबाला जाऊन येत होतो, तेव्हा एसटीत हे माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, "मी तुला डियर म्हणणार."

"म्हणजे काय?"

"म्हणजे लाडके. पण त्याचे अर्थ बरेच आहेत. दुकानात एखादी वस्तू डियर म्हटलं, तर महाग. स्पेलिंग जरा बदललं, तर हरीण."

"म्हणजे मी महाग हरीण?"

"ऐक तर! पत्रात कुणालाही डियर लिहितात. नवीन माग टाकायचा आपला अर्ज सरकारी ऑफिसनं फेटाळला ना, ते पत्रसुद्धा 'डियर सर' असंच सुरू होतं."

"म्हणजे नाही म्हणायच्या आधी लाडके म्हणतात?"

"साहेबाची रीतच ती," हे म्हणाले, आणि मला इतकं हसू आलं की कंडक्टरनं मागं वळून बघितलं. आमच्याकडं नवरा बायकोला 'अगं ए' म्हणायचा, फार झालं तर 'ऐकलंस का'. लाडाचा शब्द म्हणून काही नव्हताच. मी म्हटलं, म्हणा, पण चारचौघांत नको, हळू म्हणा. हे हो म्हणाले. आणि हा माणूस चार दिवसांनी भर दिवसा आठ मागांवरून लाडके म्हणून बोंबलत होता! अहो, हळू कुठून म्हणणार? शेडमध्ये हळू बोललेलं स्वतःच्या कानाला ऐकू येत नाही.

"मला काही नीट ऐकू नाही आलं, आत्याबाई," मी म्हटलं. तोंड जळत होतं माझं.

"मला आलं की," आत्याबाई म्हणाल्या. "दीर म्हनला त्यो. दीर, च्या. अगं, दिराला च्या दे म्हनतोय! यशवंताला च्या दे म्हनतोय गं माझा गजा!"

आणि त्यांचे डोळे भरून आले. पदर तोंडाला लावून त्या भिंतीकडं वळल्या आणि बराच वेळ वळल्याच नाहीत. मी आधण ठेवलं. दुसरं काय करणार होते?

कारण गोष्ट साधी नव्हती. यशवंत भावजी आणि हे, दोघं भाऊ आमच्या लग्नापासून एकमेकांशी बोलत नव्हते. आणि त्याचं मूळ माझ्या माहेरच्या मानपानात होतं. माझ्या वडिलांनी मानाच्या माणसांसाठी फेटे आणले, त्यातला एक दिराचा. ऐन वेळी एक कापडाचे व्यापारी न सांगता आले आणि फेटा कमी पडला. हे भर मांडवात म्हणाले, "यशवंता, तू काय, घरचाच. तुला कशाला फेटा?" आणि भावजींचा फेटा त्या शेटजींच्या डोक्यावर गेला. भावजी तसेच बोडक्या डोक्यानं पंगतीत वाढत राहिले, पण जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडच्या मधोमध खडूनं रेघ मारली. चार माग ह्या बाजूला, चार त्या बाजूला. तेव्हापासून दोघं दहा फुटांवर उभे राहून आईच्या तोंडून बोलत होते. "आई, त्याला सांग, तेलाचा डबा दे." "आई, त्याला म्हणावं, डोळं हायत का? पायाशी आहे."

पुढच्या सुट्टीला रेंदाळहून ह्यांचे मामा वाटणी करायला यायचे होते. रेघेच्या जागी भिंत घालायची, घराचे दोन भाग करायचे. आणि गावात एकच बोललं जाणार होतं: सून आली आणि महिन्यात घर फुटलं. कांड्या भरायला येणाऱ्या अक्काताई माझ्या देखत तसं बोलूनही झाल्या होत्या. मी एकोणीस वर्षांची होते हो. रोज देवापुढं हात जोडून म्हणायची, काहीही कर, पण ते खापर माझ्या डोक्यावर फोडू नको.

चहा घेऊन मी शेडमध्ये गेले. ह्यांनी मला बघून हात पुढं केला. मी त्यांच्यासमोरून गेले, रेघ ओलांडली आणि भावजींच्या कानाशी ओरडले, "ह्यांनी द्यायला सांगितलाय!"

भावजींनी आधी कपाकडं बघितलं, मग भावाकडं. ह्यांचा हात अजून हवेत होता.  भावजी चहा प्याले. कप परत देताना बशीनं झाकून दिला, माणूस नीट दमानं चहा प्याला की देतो तसा.

हे दुपारी जेवायला आले तेच फणफणत. "माझा चहा त्याला का दिलास?"

"तुम्हीच द्यायला लावलात!" मी सगळं सांगितलं.

"दीर? अगं, डियर म्हणालो मी! डियर!"

"हळू!"

"आईला सांगतो जाऊन."

"सांगा," मी म्हटलं. "सांगा की, आई, मी दिराला चहा दे म्हणालो नाही, मी भर कारखान्यात बायकोला लाडके म्हणून हाक मारत होतो. सांगा, मी इथंच उभी आहे."

ह्यांचे कान लाल झाले. उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत येऊन ताटावर बसले. वसगडे सरांनी सहा महिन्यांत त्यांना बरंच शिकवलं होतं, पण हे आईला कसं सांगायचं ते काही शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी शहाण्यासारखी हाक मारली, "अगं ए! चहा!" मी चहा नेऊन दिला. परत आले तर आत्याबाई रहाट थांबवून बसलेल्या.

"आज न्हाई आली व्हय त्याला भावाची आठवण?" एवढंच म्हणाल्या. आणि पलीकडं भावजी चालू माग सोडून दाराकडं बघत होते! दोनदा बघितलं त्यांनी. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

धावत गेले आणि ह्यांच्या कानाशी लागले. "ओरडा!"

"काय?"

"डियर म्हणून ओरडा. शिरा केलाय."

"मला शिरा?"

"तुम्हाला कुठला? ओरडा तुम्ही!"

ह्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की ही बाई कामातनं गेली. मग त्यांनी रेघेकडं बघितलं. मग भावाच्या पाठीकडं. आणि छाती भरून ओरडले, "डियऽऽर! शिराऽऽ!"

"ऐकलंस?" आत्याबाईंनी सोप्यातून हाळी दिली. "दिराला शिरा दे म्हनतोय!"

मग काय, त्या आठवड्यात आमच्या घरात नुसता धुमाकूळ. डियर, भजी! डियर, शेंगा! डियर, ताक! मी कढईवरून उठते कधी नि रेघ ओलांडते कधी, पायात वारं शिरलं होतं माझ्या. हाक आली की आत्याबाई सोप्यातून तिचा अर्थ सांगायच्या, आणि मी पळायची. ह्यांना चोरून द्यावं म्हटलं तर त्या डोळे वटारायच्या, "त्यानं भावाला दी म्हनलंय. सोतासाठी कुटं मागितलंय?" भावजींच्या गालांवर तेज आलं आणि आमचे हे वाळत चालले. अक्काताई म्हणाल्या, "असला भाऊ मी बघितला न्हाई. सोता उपाशी, पर धाकट्याच्या तोंडात घास!" मी पदर तोंडात कोंबून मागल्या दारी पळाले आणि हौदाच्या कडेला बसून पोट दुखेपर्यंत हसले.

एकदा मात्र जीव गळ्याशी आला. ह्यांच्या सदऱ्याचं बटण खरंच तुटलं आणि हे सवयीनं ओरडून गेले, "डियर! बटण लाव!"

"दिराच्या सदऱ्याला बटण लाव म्हनतोय," आत्याबाई.

सुई-दोरा घेऊन मी भावजींपुढं जाऊन उभी राहिले. "ह्यांनी बटण लावायला सांगितलंय."

भावजींनी मान खाली घालून स्वतःच्या सदऱ्याकडं बघितलं. सगळी बटणं जागच्या जागी. मी मनात म्हटलं, झालं, पकडले गेलो.  भावजींनी वरचं बटण चिमटीत धरलं, एक हिसका दिला, तोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. हा माणूस आपली थट्टा करतोय, की ह्यालाही वेड लागलंय, मला काही समजेना. मी बटण लावलं आणि पळाले.

आणि सुट्टीचा दिवस उजाडला. रेंदाळचे मामा आले, दोरी आणि खडू घेऊनच.

माग बंद होते. त्या घरातला तसला शांतपणा मला अजून सवयीचा नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. शेडच्या ह्या टोकाला हे, त्या टोकाला बनियनवर भावजी, मधे मामा दोरी धरून. अक्काताई सुट्टी असून आलेल्या, असला तमाशा कोण सोडतं? आत्याबाई सोप्याच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. मी दाराआड.  आठ दिवसांचा चहा, शिरा, भजी, सगळं झालं आणि तरी दोरी आलीच, हे मनातून जात नव्हतं.

"हितनं धर," मामा म्हणाले. "गजा, तू ते टोक धर."

ह्यांनी टोक धरलं. घशाला कोरड पडली असणार. काही सुधरेना म्हणून असेल, सवयीनं असेल, पण ह्यांनी मान वळवली आणि मागांवरून मारायचे तसल्याच आवाजात हाक मारली.

"डियर! पाणी!"

माग बंद होते हो! भिंतीवर आपटून शब्द परत आला. दीर नाही, काही नाही. स्वच्छ डियर.

मामांच्या हातातली दोरी सुटली. मुंबईच्या गिरणीत त्यांची दहा वर्षं गेली होती. "डियर? गज्या, बायकोला डियर म्हनतोस? आमचा गोरा मास्तर त्याच्या मडमेला म्हनायचा. अक्काताई, डियर म्हंजे काय ठाऊक हाय का? लाडके! लाडके, पाणी आण!" आणि मामा मांडीवर थाप मारून हसत सुटले.

अक्काताईंनी तोंडावर पदर घेतला. ह्यांनी मान खाली घातली ती थेट खडूच्या रेघेकडं. मी पाण्याचा तांब्या भरून दारात आले होते. लाज वगैरे कुठली, ती केव्हाच मागं राहिली होती. मला एवढंच दिसत होतं, की आता भावजींना कळलं. एकही कप त्यांचा नव्हता. शिरा नाही, बटण नाही, काही नाही. मीच ह्यांना ओरडायला लावलं आणि मीच फसवलं त्यांना. आता भिंत उभी राहणार, आणि ह्या वेळी खापर माझ्याच डोक्यावर फुटणार.

भावजी आधी भावाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मामा, काहीतरीच काय? दीर म्हणाला तो."

मामांचं हसू अर्ध्यावर राहिलं. "अरे, डियर म्हनला की! ह्या कानांनी ऐकलं."

"दीर म्हणाला. आठ दिवस झाले, रोज म्हणतोय. आईला विचारा." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, आणा ते पाणी. मला द्यायला सांगितलंय त्यानं."

मी गेले. कशी गेले मला आठवत नाही. भावजींनी तांब्या घेतला, निम्मं पाणी प्याले आणि तांब्या रेघेवरून पलीकडं धरला.

"घे, दादा."

महिन्याभरात पहिल्यांदा दादा म्हणाले. ह्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. "यशवंता, मी दीरच म्हणालो," हे म्हणाले.

"माहितीये मला. मॅट्रिकला इंग्रजीत अठ्ठावन्न आहेत मला." भावजी थांबले आणि म्हणाले, "तुला अकरा होते."

हसावं की रडावं मला कळेना, मी दोन्ही करत होते. हे तांब्या माझ्या हातात कोंबून आत पळाले. ट्रंक आपटल्याचा आवाज आला, आणि हे स्वतःचा लग्नातला फेटा घेऊन बाहेर आले. भावजींना धरून मागाच्या फळीवर बसवलं आणि बांधायला लागले. बांधता येत होतं कुणाला? एका कानावर आला, दुसऱ्यावरून सुटला. बनियन, तेलकट पायजमा आणि वर तो भगवा फेटा, असले भावजी नवरदेवासारखे ताठ बसून होते. हे शेवटी म्हणाले, "चुकलं माझं. तुझा होता, दुसऱ्याला दिला." भावजी म्हणाले, "घट्ट बांध, सुटतोय."

"अरे, पर वाटणीचं काय?" मामा खडू हातात घेऊन उभे.

"मी घरचाच की, मामा," भावजी म्हणाले. "मला कशाला वेगळं घर?"

अक्काताईंनी आपण होऊन केरसुणी आणली आणि रेघ पुसायला घेतली. मामा पुरणपोळीवर दोन वाट्या तूप ओतून जेवले आणि जाताना दोरी विसरून गेले. आम्ही तिच्यावर पुढं कितीतरी वर्षं कपडे वाळत घातले.

पण खरं सांगायचं ते पुढंच. दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले. खडखडाटावरून हाक आली, "डियऽऽर! चहाऽऽ!" मी चहा गाळला आणि सवयीनं कप घेऊन भावजींच्या बाजूला निघाले.

आत्याबाईंनी रहाट न थांबवता माझा पदर धरला. "तिकडं कुटं?"

"भावजींना. दीर म्हणाले ना."

"डियर म्हनला त्यो," आत्याबाई म्हणाल्या. "तुला हाक मारलीया."

 मी कप खाली ठेवून त्यांच्यापुढं बसले. "आत्याबाई! तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी कांडी काढली, नवी लावली, दोरा ओला करून जोडला. सगळं सावकाश. त्या पहिल्या दिवशी भिंतीकडं तोंड करून त्या किती वेळ बसल्या होत्या, ते मला आत्ता आठवलं.

"तुझं मामंजी लढाईवरनं परत आले, आन मला डियर म्हनायला लागले," त्या म्हणाल्या. "तेरा वर्सं म्हनलं, जाईस्तवर. पर तवा घरात हातमाग हुता गं. हळू म्हनलं तरी ऐकू यायचं."

 मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो थोपटला आणि लगेच ढकलूनही दिला.

"ऊठ, जा. गजाला दी त्यो च्या. आठ दिस झाले, पोरगं च्यावाचून मेलंय माझं."